मारवेलवरची फवारणी आणि अडलेली मेंढरं

पुरंदरच्या एका गोठ्यावर गाभण तपासणीला गेलो होतो. काम उरकून हात धुतोय तोच बांधावरून आवाज चढले. बाजरी निघालेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला बोलावलेले धनगर मामा कळप रस्त्यातच अडवून उभे होते.

"शेजारचं मारवेल गवत पण चारा म्हणतोय ना मी," मालक म्हणाला.

"त्यावर औषध मारलंय. माझी मेंढरं न्हाई जायची आत."

"औषध नाही हो, खत आहे!"

मालकाचं चुकलं नव्हतं. गवत खालच्या पानांपासून पिवळं पडत आलेलं, म्हणजे नत्राची कमतरता. पंधरा लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम युरिया, म्हणजे २ टक्के, हे प्रमाणही बरोबर. पण दुकानदाराने "काळोखी येते" (पानं गर्द हिरवी होतात) म्हणून सोबत सूक्ष्म अन्नद्रव्य ग्रेड-२ दिलं होतं. बाटलीवर जस्त, लोह, बोरॉनच्या रांगेत तांबं १ टक्का.

मामांना विचारलं, एवढी धास्ती कशाची? म्हणाले, अंजिराच्या बागेतलं गवत चारलं होतं एकदा. बरेच दिवस काही नाही. मग लांबचा पल्ला चाललो आणि मेंढरं लाल मुतायला लागली, डोळे हळदीसारखे. गेली.

ऐकूनच निदान झालं: तांब्याची विषबाधा. अंजिरावर तांबेरा रोगासाठी बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं, म्हणजे तांब्याचं औषध) मारतात, ते खालच्या गवतावर गळतं. मेंढीला जादा तांबं बाहेर टाकता येत नाही, ते यकृतात साठत राहतं. तोवर जनावर ठणठणीत दिसतं. चाल, उपास, थंडी असा ताण आला की साठा एकदम रक्तात सुटतो, तांबड्या पेशी फुटतात आणि दोन-चार दिवसांत खेळ संपतो. कोरड्या चाऱ्यात किलोमागे १५ मिलिग्रॅम ही मेंढीची मर्यादा. गाय ४० पर्यंत झेपवते.

बांधावरच हिशेब मांडला. एक टक्का बोर्डोच्या १०० लिटरमध्ये तांबं साधारण २५० ग्रॅम. मालकाच्या १०० लिटर द्रावणात ग्रेड-२ अर्धा लिटर, म्हणजे तांबं ५ ग्रॅम. पन्नासपट फरक. एका रात्रीच्या चरण्याने मेंढरं मेली नसती, हे मी मामांना सांगितलं. पण फवारा ताजा होता, गवत आखूड होतं, आणि ज्यांनी आधीच बाग चारलीय त्यांच्या यकृतात किती जागा उरलीय ते बाहेरून कळत नाही. मामांचं अडून बसणं मला पटलं.

मारवेलला काटेरी फांद्या लावून घेतल्या. मेंढरं नुसत्या बाजरीच्या धसकटावर बसली. मालकाला सांगितलं, मारवेलवर यापुढे युरिया आणि हवं तर झिंक सल्फेट, तेही चरायला सोडण्याच्या आठवडाभर आधी. ग्रेड-२ फळबागेला ठेवा. तो हो म्हणाला आणि गोठ्यातून पाटी घेऊन आला. मेंढरांना रात्रीसाठी कोंडा, त्यावर गाईंचं मिनरल मिक्श्चर भुरभुरलेलं. पिशवी उलटी करून मी त्याला कॉपर सल्फेटची, म्हणजे तांब्याचीच, ओळ दाखवली. पाटी गाईंपुढे गेली.