टाळ सुरू झाले की अँप बंद

नाशिकला गंजमाळच्या मागच्या बोळात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. अँप्लिफायर (आमच्या भाषेत अँप), डेक, मंडपवाल्यांचे मिक्सर, देवळांचे भोंगे, जे येईल ते. डिसेंबरच्या सुरुवातीला जेल रोडचे एक काका सिटीलिंकच्या बसमधून मांडीवर अँप घेऊन आले. प्रेसमधून निवृत्त. नाशिकरोडला नुसतं ‘प्रेस’ म्हटलं की नोटा-मुद्रांकांचा सरकारी छापखाना, वेगळं सांगावं लागत नाही. पिशवीतून अँप काढून त्यांनी माझ्या टेबलावर इतक्या हलक्या हाताने ठेवलं, की मी आधी टेबलावरचे स्क्रू बाजूला सारले.

डावं चॅनल गेलं होतं. उघडलं तर ५२००-१९४३ या ट्रान्झिस्टरची जोडी आरपार शॉर्ट आणि ०.२२ ओहमचे दोन पांढरे रेझिस्टर काळे पडलेले. काम नेहमीचं. जोडी बदलली, रेझिस्टर बदलले, सिरीज बल्बवर चालू केलं. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला, म्हणजे आत शॉर्ट नाही, ठीक. बायस लावला, ८ ओहमच्या डमी लोडवर, म्हणजे स्पीकरच्या जागी लावायच्या नुसत्या रेझिस्टरवर, अर्धा तास तापवलं. काका खूश, मीही.

नवव्या दिवशी अँप परत. तीच जोडी, तेच दोन रेझिस्टर.

मला पहिला संशय आला तो ट्रान्झिस्टरवर. या धंद्यात डुप्लिकेट माल इतका आहे, की वरची अक्षरं बघून पार्ट ओळखायचे दिवस गेले. जुनी जोडी पक्कडीने फोडून पाहिली. आतली चिप मला जरा लहानच वाटली. माणसाला जे बघायचं असतं ते दिसतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या ओळखीच्या माणसाकडून खात्रीची जोडी मागवली, घातली आणि पुन्हा डमी लोडवर तास-दीड तास चालवली. काही नाही. या वेळी सप्लायच्या फ्यूजच्या जागी मुद्दाम कमी अँपिअरचे फ्यूज घातले. पुढे जे वाचलं ते तेवढ्यामुळे वाचलं.

अँप घेऊन जाताना काका दारात थांबले. म्हणाले, “एक सांगू का? कीर्तन चालतं, बातम्या चालतात, तंबोरा चालतो. अभंगात टाळ सुरू झाले की मग डावीकडचं बंद पडतं.”

मी हसलो. “काका, अँपला काय टाळ कळतात होय!”

हे वाक्य मी काकांच्या तोंडावर बोललो, आणि दुकानातला पोरगा ते अजून मला ऐकवतो.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात फोन आला. फ्यूज गेला होता. पौष वद्य एकादशी जवळ आलेली. त्र्यंबकेश्वरला निवृत्तीनाथांच्या यात्रेला निघालेली सिन्नरकडची एक दिंडी त्यांच्या सोसायटीत चहाला थांबते. त्या दिवशी गेटपाशी अभंग लावायचे असा दरवर्षीचा नेम, आणि यंदा नवे स्पीकर लावायचे होते. नवे म्हणजे जुनेच, दिवाळीनंतर एका जुन्या सामानवाल्याकडून साडेचार हजारांना घेतलेले.

स्पीकर बदलले आहेत हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. मी विचारलं नव्हतं आणि त्यांना ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

मग मी आणखी एक शहाणपणा केला. फोनवरच म्हटलं, डाव्या डब्याची वायर उजवीकडे जोडा, उजव्याची डावीकडे, आणि लावून बघा. पद्धत बरोबर आहे. बिघाड अँपचा असेल तर डावीकडेच राहतो, स्पीकरचा असेल तर त्याच्याबरोबर सरकतो. फक्त आवाज अगदी बारीक ठेवायचा हे सांगायचं राहिलं, आणि पोराकडून डावा फ्यूज बसवून घेतलेल्या काकांनी नेहमीचा अभंग नेहमीच्या आवाजात लावला. दहा मिनिटांनी पुन्हा फोन. “अरे, आता उजवीकडचा गेला.” मला एकाच वेळी आनंद आणि शरम दोन्ही झाली.

संध्याकाळी स्कूटरवर सामान टाकून जेल रोड गाठला. तिसरा मजला, लिफ्ट बंद. थंडी अशी, की सोल्डरिंग गन धरायला हात तयार नव्हते. डबे शोकेसवर होते, वर काकूंनी विणलेले रुमाल. सागवानी रंगाचे टू-वे डबे, खालच्या सुरांना आठ इंची वूफर, वरच्या सुरांना एक इंची डोम ट्वीटर. मागच्या पट्टीवर ‘८ ओहम’. बांधणी चांगली होती. पूर्वी अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात असा डबा दिसला असता तर मीच उचलला असता. २०१७ साली महापालिकेने तो बाजार हटवला तेव्हा मला माझी गल्ली उठल्यासारखं झालं होतं.

मीटरचे दोन्ही प्रोब एकमेकांना लावले: ०.३. ते वजा करायचे. डावा डबा ६.१, उजवा ६.२. ८ ओहमच्या स्पीकरला मीटर साधारण सहाच दाखवतो, कारण मीटर बॅटरीच्या सरळ विजेने नुसती तार मोजतो आणि पट्टीवरचा आकडा गाण्याच्या उलटसुलट विजेचा असतो. या मोजणीत पुष्कळ लबाड्या पकडल्या जातात. मागे एका डब्यात ३.४ दाखवलं. उघडलं तर आत गाडीतला ४ ओहमचा वूफर बसवलेला, वर पट्टी तीच ८ची. ओहम कमी म्हणजे अँपवर ओझं जास्त. गिऱ्हाइकाला हे नेहमी उलटं वाटतं. इथे मात्र दोन्ही डबे जुळे भाऊ. कोन दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाबून पाहिला, कॉइल कुठे घासत नव्हती. दीड व्होल्टचा सेल टेकवला, दोन्हीकडे ‘थप’ आवाज आणि कोन बाहेर. मागच्या टर्मिनलला तारेचा केस सुटून दुसरीकडे टेकलाय का तेही पाहिलं. नव्हता.

म्हणजे डबा निर्दोष. मी तसं बोलणारच होतो, तेवढ्यात अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसलेली काकांची नात म्हणाली, “डावा गोधडीतून बोलतो.”

फ्यूज बदलले, आवाज अगदी बारीक ठेवला आणि वर्तमानपत्राची सुरळी करून एक टोक कानाला, दुसरं ट्वीटरवर धरलं. उजवीकडे ‘स’ आणि ‘श’ची स्वच्छ सळसळ. डावीकडे काही नाही. ट्वीटर मेलेला. काकांचं वय एकोणसत्तर, वरचे सूर कानातून केव्हाच उतरलेले, त्यांना कळायचं कारण नव्हतं.

इथे मी अर्धा तास अडकलो. ट्वीटर जळून तुटला असेल तर त्याच्यातून वीज वाहत नाही, म्हणजे अँपवरचं ओझं कमी व्हायला हवं. दोन बैलांतला एक सुटला तर गाडी हळू चालेल, गाडीवानाचा खांदा कसा मोडेल? काकूंनी आल्याचा चहा दिला, तो गार झाला. वीस वर्षांत शेकडो मेलेले ट्वीटर बदलले होते, एकाने अँप खाल्लेलं पाहिलं नव्हतं.

शेवटी वूफर सोडवून दोघांना सूर वाटून देणारं आतलं नेटवर्क बाहेर काढलं. स्वस्त डब्यात ट्वीटरच्या वाटेत एक कपॅसिटर असतो आणि बस. ट्वीटर मेला की ती वाट बंद, कुणाला काही त्रास नाही. मी पाहिलेले शेकडो डबे हेच. या डब्यात मात्र ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्याच्या पुढे ट्वीटरला आडवी जोडलेली तांब्याची कॉइल. चांगल्या डब्यातली रचना. कॉइल खालचे सूर ट्वीटरपासून आणखी दूर ठेवते. आता ट्वीटर काढून टाकल्याची कल्पना करा. वूफर त्याच्या जागी आहेच, पण या वाटेत अँपच्या दोन टोकांमध्ये काय उरतं? कपॅसिटर आणि त्याच्या मागोमाग कॉइल, दुसरं काही नाही.

कपॅसिटरचा अडथळा सूर वर जाईल तसा कमी होतो, कॉइलचा वाढतो. एका सुरावर दोघांचा अडथळा सारखा येतो, दिशा उलट असते, आणि ते एकमेकांना खाऊन टाकतात. मागे राहतो तो तांब्याच्या तारेचा आणि कपॅसिटरचा स्वतःचा किरकोळ रेझिस्टन्स. ट्वीटर जिवंत असेल तर तो कॉइलला समांतर बसून हा खेळ होऊ देत नाही. इथे तोच नव्हता.

तर्क ठीक, पण दोनदा तोंडावर पडलेल्या माणसाने मोजल्याशिवाय बोलू नये. मोबाइलवर हवा तो सूर काढणारा टोन जनरेटर, तो अँपला, अँपच्या आउटपुटला १०० ओहम १० वॅटचा रेझिस्टर आणि त्याच्या पुढे डबा. मध्ये १०० ओहम असले की डबा साफ शॉर्ट असला तरी अँपला इजा नाही. आउटपुट १० व्होल्ट केलं. आधी डब्याच्या जागी ८.२ ओहमचा रेझिस्टर लावला: ०.७५ व्होल्ट. ही माझी फुटपट्टी. साधा मीटर एसीवर काही शे हर्ट्झपर्यंतच खरं बोलतो, वर गेलं की थापा मारतो. म्हणून प्रत्येक सुरावर आधी ८.२ मोजायचा, मग डबा. मीटर खोटं बोलला तरी दोघांच्या बाबतीत सारखंच बोलेल.

७० हर्ट्झला डाव्या डब्याने सव्वादोन व्होल्ट दाखवले, म्हणजे ३० ओहमच्या आसपास. वूफरची स्वतःची घुमण्याची जागा, तिथे असंच होतं. ४०० ला आकडा रेझिस्टरजवळ आला, १००० लाही तिथेच. २००० ला घसरू लागला. २५०० ला आणखी. ३००० च्या जवळ काटेकोर फिरवत गेलो आणि मीटर कोसळला. ८.२ च्या तुलनेत जेमतेम सातवा-आठवा भाग. म्हणजे पट्टीवर ८ लिहिलेला डबा या सुरावर १ ओहमचा होता. ५००० ला पुन्हा वर आला, जसं काही झालंच नव्हतं.

काका शेजारी बसून एकेक आकडा प्रेसच्या जुन्या डायरीत लिहून घेत होते. सगळी हयात आकड्यांवर गेली त्यांची. त्यांनी विचारलं, “तीन हजार म्हणजे कुठला सूर?”

मी मोबाइलचा तोच टोन मोबाइलवरच वाजवला. काकूंनी कान झाकले. “टाळ,” काका म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी, हे उपकार.

नुसता तेवढाच सूर नाही म्हणा. टाळांचा खणखणाट दोन-तीन हजारांपासून वर पसरलेला असतो. पण तंबोऱ्यात, कीर्तनकाराच्या बोलण्यात तिथे थोडीच ताकद असते, टाळ मात्र अख्खी ताकद तिथेच ओततात. सूर चढून अँप २० व्होल्टला गेलं तर ८ ओहमला अडीच अँपिअर जातात. १ ओहम मागतो २०. ५२०० ची मर्यादा १५. माझा डमी लोड सगळ्या सुरांना सारखेच ८ ओहम दाखवणारा भोळा प्राणी, त्याच्यावर महिनाभर चालवलं असतं तरी काही झालं नसतं.

एक चाचणी राहिली होती. तोच ८.२ ओहमचा रेझिस्टर मेलेल्या ट्वीटरच्या दोन टोकांना सोल्डर केला आणि ३००० ला पुन्हा मोजलं. मीटर उठून उभा राहिला, सहा-साडेसहा ओहम. रेझिस्टर गात नाही, पण ट्वीटरची जागा धरून बसतो. आवाज वाढवून काकांचा अभंग लावला. टाळ सुरू झाले तसा काकांचा हात सवयीने बटणाकडे गेला. अँप चालत राहिलं.

तेवढ्यावर एकादशी पार पडली, डावीकडे ट्वीटरऐवजी रेझिस्टर ठेवूनच. गेटपाशी चहा पिणाऱ्या वारकऱ्यांपैकी कुणाला गोधडी ऐकू आली असेल असं वाटत नाही.

डबे विकणाऱ्या जुन्या सामानवाल्याला हे माहीत होतं का, काका विचारत होते. मला वाटतं नव्हतं. त्याने वाजवून दाखवलं, वाजलं, विकलं. आधीच्या मालकाने पार्टीत अँप किंचाळेपर्यंत ओढलं असणार. तसं ओढलं की सुरांची डोकी कापली जातात, वरचे सूर फुगतात आणि केसाएवढ्या तारेचा ट्वीटर आधी जातो. माझंच मला खटकत होतं. पहिल्याच दिवशी ‘काय जोडलंय?’ एवढं विचारायचं होतं. दुसऱ्या वेळची मजुरी परत दिली. काकांनी मोजून घेतली, नको-नको म्हटलं नाही.

आणि एक, ज्यांच्या घरी असे डबे असतील त्यांच्यासाठी: ट्वीटर जळला आणि नवा मिळेपर्यंत चालवायचं असेल तर नुसता ट्वीटर काढून ठेवू नका. कपॅसिटरच्या आधीची तार सोडवा, म्हणजे सगळी वाट बंद होते. ओहमवर लावलेला मीटर तुम्हाला हे सांगणार नाही. त्याला कपॅसिटरच्या पलीकडचं दिसतच नाही.

नवा ट्वीटर फेब्रुवारीत मिळाला. बसवला, ३००० ला मोजला, सगळं जागेवर. चार दिवसांनी काकांचा फोन. “अरे, आता डावीकडचे टाळ जास्त वाजतात.”

मी म्हटलं, काका, तुमच्या कानाला कसं कळलं?

“मला नाही. नातीला.”

बरोबर होती पोरगी. नवा ट्वीटर जुन्यापेक्षा जोरात बोलणारा निघाला. दोन-तीन ओहमचा एक रेझिस्टर वाटेत टाकून त्याला जरा दाबावं लागेल. बुधवारी येतो म्हणालो आहे.