बाटलीचा तारा

चित्रपटगृहात शिरल्यावर पडद्याकडे पाहण्याआधी छताकडे पाहण्याची मला जुनी खोड आहे. बहुतेक ठिकाणी ती वाया जाते; वर काळा रंग आणि वातानुकूलनाच्या नळकांड्या यांखेरीज काही नसते आणि पदरात पडते ती फक्त आखडलेली मान. तरीही ती खोड सुटत नाही, याला जबाबदार आहे एक दूरचे छत, जे मी केवळ छायाचित्रांतून ओळखतो. अमेरिकेतल्या अटलांटा शहरातल्या फॉक्स थिएटरच्या त्या छतावर ९६ तारे आहेत. गडद निळ्या रंगात बसवलेले ते स्फटिक मागून उजळतात, त्यांतले एकतृतीयांश लुकलुकतात आणि त्यांच्यावरून यंत्राने टाकलेले ढग सावकाश सरकत जातात. खाली ४,६००हून अधिक माणसे अरबी गढीच्या अंगणात बसावीत तशी बसतात; चारी बाजूंना तटबंदी आणि बुरूज, डोक्यावर मोकळी रात्र.

या ताऱ्यांविषयी एक वदंता कित्येक वर्षे चालत आली होती. त्यांतला एक तारा म्हणे स्फटिकाचा नसून कोका-कोलाच्या बाटलीचा तुकडा आहे. हे पेय १८८६ साली याच शहरात जन्मले, तेव्हा अशी कंडी कोणीही सहज पिकवली असती आणि ऐकणाऱ्याने हसून सोडूनही दिली असती. पण २०१० सालच्या जूनमध्ये थिएटरच्या जीर्णोद्धार विभागातले दोघे जण प्रेक्षागृहावरच्या पोटमाळ्यात शिरले, त्यांनी एकेक तारा मागच्या बाजूने तपासला आणि बाटलीचा तुकडा खरोखरच सापडला. वदंता खरी निघण्याचा योग तसा दुर्मीळच म्हणायचा.

मुळात ही वास्तू चित्रपटगृह म्हणून योजलेलीच नव्हती. श्रायनर्स नावाच्या बंधुसंघाच्या स्थानिक शाखेला, म्हणजे याराब टेंपलला, स्वतःचे भव्य मुख्यालय हवे होते. या मंडळींना अरबी पेहरावाची आणि नावांची विलक्षण हौस. इस्लामशी त्यांचा संबंध असलाच तर लाल गोंड्याच्या टोपीपुरता. म्हणून आराखड्यात मिनार आले, कांद्याच्या आकाराचे घुमट आले, आणि त्यांच्या जोडीला इजिप्तच्या मंदिराच्या धर्तीवर सजवलेले एक नृत्यदालनही आले. हौसेने खर्चाला केव्हाच मागे टाकल्यावर प्रेक्षागृह विल्यम फॉक्स या चित्रपटगृहांच्या सम्राटाला भाड्याने द्यावे लागले. २५ डिसेंबर १९२९ रोजी दरवाजे उघडले, तेव्हा न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळून जेमतेम दोन महिने झाले होते. इतक्या वाईट मुहूर्तावर इतक्या थाटाचे उद्घाटन क्वचितच झाले असेल. १२५ आठवड्यांत थिएटर बंद पडले.

पुढे ते सावरले. १९४७पासून जवळजवळ दोन दशके न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे दौरे इथे होत राहिले. मग दूरचित्रवाणी घरोघर आली, वस्ती उपनगरांकडे सरकली आणि भरवस्तीतल्या या प्रचंड खोल्या ओस पडू लागल्या. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या शहरांची हीच कथा आहे. न्यूयॉर्कचे रॉक्सी थिएटर तर फॉक्सहूनही मोठे होते. १९२७ साली उघडलेली ती वास्तू १९६० साली पाडूनही झाली. अटलांटात सदर्न बेल या टेलिफोन कंपनीला फॉक्सची जागा आपल्या मुख्यालयासाठी हवी होती, आणि १९७५च्या जानेवारीत थिएटरला टाळे लागले. यानंतर शहराने जे केले ते मात्र नेहमीचे नव्हते. अटलांटा लँडमार्क्स ही ना-नफा संस्था पुढे आली, वास्तू वाचवण्यासाठी वर्गण्या आणि कार्यक्रम सुरू झाले, बँकांकडून कर्ज उभे राहिले, आणि टेलिफोन कंपनीने आपला मनोरा शेजारच्या जमिनीवर बांधण्याचे मान्य केले. १९७८मध्ये कर्ज फिटलेही.

वास्तू वाचवणे ही गोष्ट वेगळी आणि ती सांभाळणे वेगळी. माझे मन खरे गुंतते ते इथे, कारण फॉक्समध्ये जे सांभाळायचे आहे ते जवळजवळ सगळेच खोटे आहे. बाल्कनीवर पट्ट्यापट्ट्यांचा एक प्रशस्त शामियाना पसरलेला दिसतो. त्याच्या कापडाला झोळ आहे, कडा खाली लोंबल्या आहेत, वारा आला तर हलेल असे वाटते. पण तो आहे पोलादी सळ्यांवर घातलेल्या प्लॅस्टरचा. ज्या तुळया जुनाट लाकडाच्या वाटतात त्यांतही प्लॅस्टर आणि रंग यांचीच करामत आहे. म्हणजे इथल्या कारागिराला लाकूडकाम येऊन भागत नाही. लाकूड असल्याची बतावणी करणारे प्लॅस्टर कसे करावे, हे त्याला यावे लागते. कोणी उत्साहाच्या भरात तुळईच्या जागी अस्सल सागवान बसवले, तर ते काम कितीही सुबक असले तरी जीर्णोद्धार म्हणून बाद ठरेल. नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी कुणा रंगाऱ्याने कुंचल्याच्या फटकाऱ्यांनी जी फसवणूक केली, तीच फसवणूक त्याच रंगछटेत आणि त्याच हातचलाखीने पुन्हा करायची, आणि तीही पूर्ण प्रामाणिकपणे! अस्सलपणाविषयी आपण एरवी जे बोलतो ते या शामियान्याखाली जरा अडखळते. हे काम एकदा करून संपतही नाही. थिएटरने त्यासाठी स्वतःचा विभागच ठेवला आहे, आणि तो पोटमाळ्यात शिरून ताऱ्यांचीही चौकशी करतो.

ऑर्गनची हकिकत याहून थोडी उदास आहे. इथे आपल्या संगीत नाटकातला ऑर्गन डोळ्यांसमोर आणू नये. मोलर कंपनीच्या या वाद्याला ३,६२२ नळ्या आहेत, आणि मूकपटाला लागेल तो आवाज त्यांतून काढता यावा अशी त्याची घडण आहे. दुर्दैव असे की हे अजस्र वाद्य बसवले तोवर बोलपट येऊन ठेपले होते, त्यामुळे ज्या कामासाठी त्याचा जन्म झाला ते काम जन्मतःच संपत आले होते. नंतर ते बराच काळ मुकेच राहिले. १९६०च्या दशकात जो पॅटन या गृहस्थांनी ते दुरुस्त करून पुन्हा बोलते केले. थिएटर वाचवण्याच्या लढ्यातही ते आघाडीवर होते आणि १९७९पासून थिएटरमध्येच एका बिऱ्हाडात राहू लागले. २०१६ साली त्यांचे निधन झाले. देवळात पुजारी राहतो, दीपगृहात राखणदार राहतो. चित्रपटगृहात बिऱ्हाड थाटलेला दुसरा माणूस निदान माझ्या तरी ऐकिवात नाही.

या कौतुकात एक जिना विसरून चालणार नाही. वंशभेदाच्या त्या काळात कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी फॉक्सची तिकीट खिडकी निराळी होती आणि बाहेरच्या बाजूने चढणारा जिनाही निराळा होता. तो सर्वांत वरच्या गॅलरीत जाई, आणि ती गॅलरी इतरांपासून भिंतीने तोडलेली होती. ही व्यवस्था १९६२ साली संपली. शामियाना, तटबंदी, सिंहासनाच्या नकला यांत रमलेल्या अरबी अंगणाने दारातली ही रीत मात्र अगदी खरीखुरी ठेवली होती. जुनी वैभवे न्याहाळताना माझ्यासारखा माणूस साहजिकच स्वतःची कल्पना दिवाणखान्यासारख्या भव्य दालनातून आत शिरणाऱ्यांत करतो. त्या जिन्याने चढणाऱ्यांत करून पाहिली, की त्याच छायाचित्रांचा रंग थोडा उतरतो. माझ्या मते तो उतरलेलाच बरा.

तरीही शेवटी नजर त्या बाटलीच्या तुकड्याकडेच जाते. तो तिथे कोणी बसवला? स्फटिक एक कमी पडला, काम उरकायची घाई होती आणि जेवणाच्या सुट्टीत रिकामी झालेली बाटली हाताशी होती, असे मला वाटते. की ती निव्वळ खोडी होती, मचाणावरच्या दोघांतिघांनाच ठाऊक असलेली? काही असो, खालून पाहणाऱ्यांना फरक कळणे शक्य नव्हते. माझ्या हाती असते, तर मी तो तुकडा काढून तिथे शुद्ध स्फटिक कधीच बसवू दिला नसता. मागचा दिवा गेला, की तेवढा बदलून पोटमाळ्यातून खाली उतरलो असतो.