दोरी किती लांब?

घरातलं धुणं किती दिवसांनी काढावं, हे इंदुरातल्या बऱ्याच घरांत नळच ठरवतो. जलूदला उपसलेली नर्मदा ७० किलोमीटरचं अंतर आणि विंध्याचा चढ पार करून १९७८ साली शहरात पोचली, पण घरोघर रोज यायचं काही तिला जमलं नाही. पाणी एक दिवसाआड. त्यामुळे सुदामा नगर असो की लोकमान्य नगर, सकाळी उठल्यावर आज वार कोणता हे कुणी विचारत नाही, आज नळ आहे का एवढंच विचारतात. नळ असला की आधी टाकी, मग पिंपं, मग धुणं.

ही नाइलाजाची पद्धत हिशेबालाही चांगली उतरते. चार माणसांच्या घरात सुती शर्ट किंवा कुर्ता साधारण २०० ग्रॅमचा, आतले कपडे माणशी दीडशे ग्रॅम, रात्रीचे कपडे दिवसाआड बदलले तर माणशी ३००, आणि तीन दिवसांतून एकदा धुण्यात पडणारी ४००-५०० ग्रॅमची पँट. सगळं मिळून रोज अडीच किलोच्या आसपास जातं. दोन दिवसांचे झाले पाच किलो. घरोघरी असतं ते सात किलोचं मशीन. त्यावर लिहिलेले सात किलो कोरड्या सुती कपड्यांचे, तेही कॉटनच्या पूर्ण प्रोग्रॅमवर. सिंथेटिकला किंवा झटपट धुलाईला त्याच्या निम्म्यावरच थांबायचं. ड्रम पाऊण भरला आणि वर हात आडवा घालता आला, तर कपडे एकमेकांवर घासून स्वच्छ निघतात. ठासून भरला तर पाणी फिरतं, कपडे फिरत नाहीत. पावडरीचे पांढरे पट्टे काळ्या पँटवर तसेच राहतात आणि दोष पावडरीला जातो. पाच किलोला एखादा टॉवेल किंवा उशांचे अभ्रे जोडले की दिवसाआडचं धुणं बरोबर बसतं.

पण नळ आणि मशीन हे दोन्ही पुढचे प्रश्न. खरी अडचण असते दोरीची, आणि ती कुणी मोजत नाही.

मोजून बघा. शर्ट खालच्या काठाने अडकवला तर त्याला ६० सेंटिमीटर दोरी लागते, पँटला कमरेकडून ४०, टॉवेलला ७५. डबल बेडची चादर दुमडून टाकली तरी सव्वादोन मीटर खाते. सहा शर्ट, चार पँटी, चार टॉवेल, एक चादर आणि दोन अभ्रे यांनाच साडेअकरा मीटर दोरी झाली. मोजे आणि आतले कपडे चिमट्यांच्या गोल हँगरवर टाकले असं धरूनही. फ्लॅटच्या बाल्कनीत दोन भिंतींमध्ये चार मीटरच्या दोन दोऱ्या असतात, म्हणजे आठ मीटर. मग शर्टावर शर्ट चढतो, चादर चौपदरी होते, आणि संध्याकाळी वरचा पदर कडक तर आतला गार. म्हणून टोपली भरली की धुणं काढायचं, हा हिशेबच उलटा आहे. आपल्या दोरीवर एका वेळी, एका पदरात, मधे दोन बोटं हवा ठेवून जेवढं मावतं तेवढंच धुणं साचू द्यायचं. दोरी सहा मीटरची असेल तर धुणं रोजचं, बारा मीटरची असेल तर दिवसाआडचं. रविवारच्या रविवार आठवड्याचं धुणं काढायचं असेल तर गच्ची हवी. ती नुसती असून भागत नाही, शेजाऱ्यांच्या पापड-कुरडयांमधून तिथे जागाही मिळायला हवी.

धुण्याला बाई येत असेल तर गोष्ट वेगळी. ती रोज येते, दोन बादल्यांचं काम करते आणि तिची सुट्टी आधी कळत नाही. रोजचं धुणं रोज हेच तिथे सोयीचं. एवढंच की हाताने पिळलेल्या कपड्यात मशीनच्या मानाने पाणी बरंच जास्त राहतं. जाड कपडे तेवढे तीन-चार मिनिटं मशीनच्या स्पिनमधून, म्हणजे पिळायच्या टबातून, फिरवून काढले तर दोरीवरचा वेळ निम्म्याने वाचतो. स्पिनच्या टबात कपडे कडेने सारखे दाबून वर ती भोकांची चकती बसवायची. एकच ओली चादर एका अंगाला राहिली की मशीन मोरीभर चालत सुटतं.

दोरी मोठी असली तरी किती साचू द्यायचं यालाही मर्यादा आहे, आणि ती ठरते घामाने. ताज्या घामाला फारसा वास नसतो. वास येतो तो कापडात बसलेले जीवाणू घाम आणि अंगाचं तेल खाऊ लागतात तेव्हा. शर्टाच्या कॉलरवरचं तेल हवेने हळूहळू पिवळं पडत जातं. दोन दिवसांनी धुतलं तर साबणाच्या वडीच्या एका हाताने निघतं, दहा दिवसांनी ब्रशने कापड झिजतं आणि पिवळेपणा राहतोच. पॉलिएस्टरचं दुखणं आणखी वाईट, कारण ते पाणी धरत नाही पण तेल धरून ठेवतं. जिमचा टीशर्ट धुऊन वाळवल्यावरही घालताच वास मारतो तो म्हणून. असले कपडे त्याच दिवशी निदान साध्या पाण्यातून तरी काढून दोरीवर टाकावेत, धुणं मग केव्हाही होवो.

टॉवेलचा ओला वास हे मोरॅक्सेला ओस्लोएन्सिस नावाच्या जीवाणूचं काम. तो वाळवल्याने मरत नाही. म्हणून कोरडा टॉवेल निर्दोष वाटतो आणि अंग पुसायला घेतला की कुबट येतो. त्याला ६० अंशांचं पाणी लागतं. मशीनमध्ये हीटर नसेल तर उकळतं पाणी बादलीत अर्धं, नळाचं अर्धं आणि सोबत ऑक्सिजनवालं ब्लीच, अर्धा तास. त्याहून सोपं म्हणजे टॉवेल तीन-चार अंघोळींनंतर धुवावा आणि मधल्या काळात दाराच्या खिळ्यावर चुरगळून न टांगता पसरून टाकावा. ओला टॉवेल धुण्याच्या टोपलीत टाकणाऱ्याला काय म्हणावं हे प्रत्येक घराने आपापलं ठरवलेलंच असतं. टोपली तरी जाळीची असावी. झाकणाचा प्लास्टिकचा डबा दिसायला नीटस, पण त्यात बुरशीची सोय उत्तम होते.

उलट बाजूही आहे. एकदा अंगाला लागला की कपडा धुण्यात, ही शिस्त मे महिन्यात शर्टाला योग्य, डिसेंबरात स्वेटरला अन्याय. मशीनच्या जाळीत दर धुण्याला जो लोकरीसारखा गोळा साचतो तो मळ नसतो, आपलेच कपडे असतात. जीन्सला चार-पाच वेळा घालून झाल्यावर पाणी दाखवलं तरी चालतं. उलटी करून धुवावी, सावलीत वाळवावी. महेश्वरी आणि चंदेरी साडीला तर शक्य तेवढे दिवस पाण्यापासून लांबच ठेवावं. ताणा म्हणजे उभा धागा रेशमाचा आणि बाणा म्हणजे आडवा सुताचा, त्यामुळे भिजवली की दोन्ही धागे वेगवेगळे आटतात आणि नेसताना पदर चुण्या दाखवतो. संध्याकाळच्या कार्यक्रमाला दोन-तीन तास नेसलेली साडी रात्रभर पंख्याखाली पसरून सकाळी घडी करावी. धुवायचीच झाली तर लिटरभर पाण्यात आठ-दहा रिठे रात्री भिजवून, सकाळी कुस्करून गाळावेत, त्यात पाच मिनिटं बुचकळावी आणि न पिळता निथळायला टांगावी. जुन्या घरांत भिंतीला ओळीने खुंट्या असायच्या त्या या अर्धवट कपड्यांसाठीच, म्हणजे अजून मळले नाहीत पण घडीच्या कपड्यांतही बसायला नकोत अशांसाठी. खुंट्या गेल्या आणि तिथे बेडरूममधली खुर्ची आली. तिच्यावर बसलेलं कुणी कुणाला पाहिलेलं नाही.

आता हवा. माळव्यात मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत धुण्याला काही अडचण नाही. मे महिन्यात भर दुपारी ४० अंश आणि जेमतेम वीस टक्के आर्द्रता असते, तेव्हा एक घनमीटर हवा आणखी चाळीस ग्रॅम पाणी शोषू शकते. सकाळी आठला टाकलेले शर्ट दहाला काढायचे. उशीर केला तर दोन गोष्टी होतात. रंग उडतो, आणि दुपारी लू सुटली की ती काळ्या मातीची धूळ धुतलेल्या कपड्यांवर आणून बसवते. इलॅस्टिकही उन्हाने मरतं. आतले कपडे सावलीच्या दोरीवर टाकावेत.

जूनच्या मध्यानंतर हाच हिशेब फिरतो, आणि नेमकं तेव्हाच लोक खिडक्या लावून घेतात. बारा बाय बाराची, दहा फूट उंच खोली घ्या. तिच्यात सुमारे ४१ घनमीटर हवा. पावसाळ्यात २६ अंशाला ही सगळी हवा मिळून फार तर लिटरभर वाफ धरू शकते, आणि ऐंशी टक्के तर ती आधीच भरलेली असते. उरली जागा २०० मिलिलिटरची. मशीनमधून पिळून निघालेल्या पाच किलो कपड्यांत पाणी असतं तीन लिटरच्या घरात. खिडकी बंद, पंखा पाचवर, आणि सकाळी कपडे तसेच दमट का, याचं उत्तर या तीन आकड्यांत आहे. पंखा पाणी नाहीसं करत नाही, फक्त फिरवतो. समोरासमोरच्या दोन खिडक्या चार बोटं उघड्या ठेवाव्यात किंवा एक्झॉस्ट लावावा, पंखा मध्यम ठेवावा आणि दोरी भिंतीपासून हातभर दूर बांधावी. पावसात धुणं निम्मं करून रोज काढायचं. दिवसाआडचं पाच किलो त्या दिवसांत वाळणार नाही. स्पिन दोनदा द्यायचं. चादरी आणि जाड पँटी उघडीप पाहून धुवायच्या, आणि शिवण, खिसे, कंबरपट्टा चाचपून मगच घडी करायची, कारण बुरशीचे काळे ठिपके तिथून सुरू होतात आणि एकदा पडले की सुती कापडाचं पोतेरं होईपर्यंत सोबत राहतात.

थंडीत वाळायला त्रास नाही, धुवायला आहे. टाकीचं पाणी पहाटे इतकं गार असतं की पावडर विरघळतच नाही. मगभर कोमट पाण्यात आधी कालवून ओतावी. पावडरीतली एन्झाइम्सही ४० अंशांच्या आसपास खुशीत असतात, गारठ्यात त्यांचं काम रेंगाळतं.

पाण्यावरून बोरिंग आठवलं. नळ नाही त्या दिवशी बोरिंगवर धुणं काढणारी घरं बरीच आहेत. काळ्या कातळातलं ते पाणी बहुधा जड, म्हणून साबणाचा फेस होत नाही, पांढरी साय धरते आणि टॉवेल पत्र्यासारखे होतात. लोक पावडर वाढवत जातात. कपड्यात पावडर उरते का हे बघायची युक्ती सोपी आहे: धुतलेला टॉवेल बादलीभर स्वच्छ पाण्यात घालून खळबळवा. फेस आला तर पावडर जास्त झाली आहे. सुती कपड्यांना चमचा-दोन चमचे धुण्याचा सोडा घातला की कमी पावडरीत भागतं. रेशीम आणि लोकरीला सोडा लावू नये. बोरिंगच्या पाण्यात लोह असलं तर पांढऱ्यावर तांबूस डाग येतात, आणि त्यावर क्लोरीनचं ब्लीच टाकलं तर ते आणखी पक्के होतात. लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवणं हाच उपाय. पांढरे कपडे म्हणून नळाच्या दिवशीच, रंगीत आणि पायपुसणी बोरिंगवर. पावसाळ्यात नळालाही गढूळ पाणी येतं तेव्हा मशीनच्या मागच्या नळीतली छोटी जाळी काढून ब्रशने धुवावी. मशीन पाणी घेत नाही म्हणून मेकॅनिक येतो तो पुष्कळदा एवढंच करून जातो.

काही गोष्टी वाराची वाट बघत नाहीत. रक्ताचा किंवा दुधाचा डाग लगेच, आणि गारच पाण्याने. गरम पाण्याने तो शिजून बसतो. चिखल मात्र वाळू द्यावा, झटकून मग भिजवावा. ओला चोळला तर काळी माती धाग्यात शिरते. पोहे सांडले तर आधी तेल काढायचं. साबण लावताच पिवळा डाग लालभडक होतो आणि घरात ओरड होते. घाबरायचं कारण नाही. हळद साबणाच्या खारेपणाने लाल होते, लिंबू पिळलं की परत पिवळी. उरलेला पिवळेपणा एक-दोन दिवसांचं ऊन खाऊन टाकतं, कारण हळदीच्या रंगाला ऊन सोसत नाही. पोहे-जलेबीच्या शहरात हे शाळेत शिकवायला हरकत नव्हती.

चादरी आणि अभ्रे आठवड्याने, उन्हाळ्यात गच्चीवर झोपत असाल तर त्याआधी. गोधड्या आणि पडदे वर्षातून दोनदा: दिवाळीआधी, पाऊस सरून ऊन तापतं तेव्हा, आणि पुन्हा फाल्गुनात थंडी संपल्यावर. गोधडी मशीनमध्ये घालू नये. पाणी पिऊन तिचं वजन दुपटीच्या वर जातं आणि ड्रमच्या बेअरिंगवर येतं. पायांनी तुडवून, कठड्यावर दोन तास निथळू देऊन मग दोरीवर, दोन दोऱ्यांवर मिळून आडवी.

आणि रंगपंचमी. गेरमध्ये, म्हणजे त्या दिवशीच्या रंगाच्या मिरवणुकीत, राजवाड्यावरून ओलेचिंब होऊन आलेले कपडे इतरांबरोबर भिजवले तर घरभराच्या बनियनी गुलाबी होतात. ते वेगळ्या बादलीत, गार पाण्यात, पाणी स्वच्छ निघेपर्यंत बदलत राहायचं. गरम पाणी नाही, मशीन तर नाहीच. तरी सदरा पांढरा होणार नाही. तेवढ्यासाठी ब्लीचची बाटली रिकामी करू नये; तो तसाच वाळवून माळ्यावर टाकावा, पुढच्या पंचमीला कुणीतरी जुना कपडा शोधतच असतं.