मेलेल्या शिंगाळ्याने मारलं

"मेलो म्हणान काय झाला? काटो जितोच आसता!"

मालवणच्या बंदरावर आज सकाळी मासे विकणाऱ्या मावशीकडून हे ऐकलं तेव्हा माझा अंगठा ठणकत होता. टोपलीतला शिंगाळा ताजा आहे का बघायला उगाच उचलला. पाठीवर एक आणि बाजूला दोन, असे तीन करवतीसारखे काटे असतात त्याला, आणि ते विषारी. मासा मेला तरी विष राहतंच. टोचलं सुईएवढं, कळ मात्र कोपरापर्यंत गेली.

मावशीने शेजारच्या टपरीवरून गरम पाणी आणवलं. "सोसात तितक्याच गरम," म्हणत हात बुडवायला लावला. अर्ध्या तासात कळ उतरली. नंतर डॉक्टरही तेच म्हणाले, साधारण ४५ अंशांचं पाणी, कारण उष्णतेने हे विष निकामी होतं. काट्याचा तुकडा आत राहिला नाही ना ते बघितलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. (शिंगाळा घरी आलाच. तिखलं झकास झालं.)

पण डोक्यात राहिलंय ते वेगळंच. मावशीचं एक बोट वाकडं आहे, सरळच होत नाही. मी विचारलं, "हे पण शिंगाळ्याने?"

ती हसली. "माशान नाय रे. घराकडे खोबरा खवताना. माशाक घाबारतंय, आडाळ्याक कोण घाबारता?"

आडाळा म्हणजे नारळ खवायची विळी. जन्म माशांत गेला, आणि बोट नेलं ते एका नारळाने.

मघाशी घरी आडाळा भिंतीला टेकवून ठेवलेला दिसला. पातं बाहेरच्या बाजूला. रोज तसाच असतो बहुतेक.

तुमच्याकडे कुठल्या बाजूला असतं?