ग्रीकांचं रोजचं पीठ

प्राचीन ग्रीस म्हटलं की लोकांना संगमरवरी खांब आठवतात. मला प्रश्न पडतो, ही एवढी वाद घालणारी मंडळी जेवत काय होती? बहुतेक दिवस जवच.

अथेन्सभोवतालच्या अ‍ॅटिकाची जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. गहू तिथे रुसायचा, जव निमूट यायचे. पण जवाचं टरफल दाण्याला घट्ट चिकटलेलं. म्हणून दाणे भिजवायचे, वाळवायचे, भाजायचे आणि मग जाडसर भरडायचे. या पिठाला ते ‘आल्फिता’ म्हणत. आधीच भाजलेलं असल्याने पुन्हा चूल पेटवायला नको. पाणी घालून मळलं की ‘माझा’ नावाचा गोळा तयार! आपल्या सातूच्या पिठाचं हे चुलत भावंडच. प्रवासाला, गलबतावर, लढाईवर याहून सोयीचं काय असणार? होमरच्या ‘ओडिसी’ महाकाव्यातला राजपुत्र तेलेमाखोस बापाच्या शोधात निघतो तेव्हा शिदोरीला हेच पीठ, चामड्याच्या पिशव्यांत भरलेलं. होमर त्याला ‘माणसांची मज्जा’ म्हणतो. भरड पिठाचं इतकं कौतुक पुढे फारसं कुणी केलं नसावं.

कारण प्रतिष्ठा होती भट्टीतल्या गव्हाच्या पावाला. अथेन्सचे कायदे घडवणाऱ्या सोलोनने म्हणे नियमच केला होता : सरकारी पंगतीत रोज ‘माझा’, गव्हाचा पाव फक्त सणासुदीला. मला हा माणूस आवडतो. स्पार्टात तर सामुदायिक जेवणासाठी प्रत्येकाला महिन्याला एक मेडिम्नोस, म्हणजे ५० लिटरहून जास्त पीठ आणून द्यावं लागे. नाही जमलं तर नागरिकत्वच जाई. पुढे रोमनांनी कहर केला. त्यांच्या सैन्यात भित्र्या तुकडीला शिक्षा म्हणून गव्हाऐवजी जव देत.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये सॉक्रेटिस साध्यासुध्या नगरीचं जेवण रंगवतो : बोरूवर नाहीतर स्वच्छ पानांवर मांडलेले ‘माझा’ आणि पाव. ग्लाउकॉन कुरकुरतो, तोंडी लावायला काहीच नाही? सॉक्रेटिस मीठ, ऑलिव्ह, चीज, कांदे, भाज्या, शिवाय अंजीर वाढतो. तरी ग्लाउकॉनचं समाधान नाही. म्हणतो, डुकरांची नगरी वसवली असतीस तर आणखी वेगळं काय खाऊ घातलं असतंस?

हा ग्लाउकॉन म्हणजे प्लेटोचा सख्खा भाऊ. त्यांच्या घरी जेवणावरून काय काय चालत असेल, कोण जाणे.