साइड टँकवरची अक्षरं: इंजिनाच्या रंगकामाची नोंद

आमच्या वाफेच्या रेल्वे इंजिनाच्या पत्र्याचं काम आटोपलं. आता रंग. ब्रश हातात घेण्याआधीचा हा शोधच मला या सगळ्या खटाटोपात जास्त प्रिय आहे, त्यामुळे ही नोंद जरा लांबणार.

आधी वर्ष ठरवलं. नुसतं 'जुन्या रूपात आणायचं' म्हणून भागत नाही, कारण इंजिन कित्येक दशकं राबतं आणि तेवढ्यात धुराडं, बॉयलर, मालक, सगळं बदलतं. ब्रिटनमधलं प्रसिद्ध वाफेचं इंजिन 'फ्लाइंग स्कॉट्समन' 1923 मध्ये 1472 क्रमांक घेऊन बाहेर पडलं, 1924 मध्ये 4472 झालं, 1946 मध्ये 103 आणि ब्रिटिश रेल्वेत गेल्यावर 60103. 2016 मध्ये ते दुरुस्त होऊन रुळावर आलं तेव्हा सफरचंदी हिरवा रंग नाही म्हणून बरेच जण हळहळले. पण त्यावर दुहेरी धुराडं आहे आणि धूर वळवणारे पत्रे आहेत. ते पत्रे 1961 मधले. त्या बांध्यावर ब्रिटिश रेल्वेचा गडद हिरवा आणि 60103 हेच बरोबर. आमच्या इंजिनाचं धुराडं आणि कॅब मूळ बांधणीचीच आहेत, म्हणून आम्ही पहिल्या काही वर्षांतलंच रूप धरलं.

मग उजव्या साइड टँकवर (बॉयलरच्या बाजूची पाण्याची टाकी), शिडीमागच्या कोपऱ्यात, रंगाचे थर उघडले. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून एकाच जागी गोल गोल घासत जायचं, की थर एकात एक वर्तुळं होऊन दिसतात. कोरडं घासू नका आणि मास्क काढू नका. जुन्या प्रायमरमध्ये शिसं असतं. वरून खाली असं मिळालं: काळा, पुन्हा काळा, करडा, मग एक बाटलीसारखा हिरवा, त्याखाली लांबी (पुट्टी) आणि सगळ्यात तळाला शेंदरी प्रायमर. हिरवा पाहून सगळे खूश झाले. माझं मन मात्र मानेना, कारण त्या हिरव्यावर वॉर्निशचा जाड पिवळट पापुद्रा होता. वॉर्निश जुनं झालं की पिवळं पडतं आणि त्याखालचा निळा हिरवा दिसतो, पांढरा साय-रंगाचा दिसतो.

म्हणून हँडरेलचा एक ब्रॅकेट सोडवला. तो रंगावरच बसवलेला होता, त्यामुळे त्याच्या बुडाखाली ऊन, काजळी, नंतरचे हात, काहीच पोचलं नव्हतं. तिथे रुपयाएवढी जागा स्वच्छ, खोल निळी होती! कडेला वॉर्निशची पिवळी रेघ आणि तिच्या पलीकडे तोच रंग हिरवा.

आता या इंजिनाचा जुना कृष्णधवल फोटोही नीट वाचता आला. त्यात टँक फिका करडा दिसतो आणि बफर बीम (पुढची आडवी तुळई) स्मोकबॉक्सइतकाच, म्हणजे बॉयलरपुढच्या धुराच्या पेटीइतकाच, काळा. त्या काळच्या फोटोच्या ऑर्थोक्रोमॅटिक काचांना लाल रंग दिसतच नसे, म्हणून लाल काळा उमटायचा आणि निळा प्रत्यक्षापेक्षा बराच उजळ. म्हणजे निळा टँक, लाल बीम. फोटो आणि पत्रा एकच सांगतात. कृष्णधवल फोटोवरून रंग ठरवणं किती अवघड, हे 'ज्युपिटर'च्या गोष्टीत दिसतं. अमेरिकेतल्या त्या इंजिनाची 1979 मधली प्रतिकृती लाल रंगवली होती. पुढे 1869 च्या वर्तमानपत्रातलं वर्णन हाती आलं, त्यात निळा आणि किरमिजी होता, आणि ती पुन्हा रंगवली गेली. कारखान्याने काढलेल्या फोटोंबाबत तर दुप्पट सावध राहावं. बारकावे उठून दिसावेत म्हणून इंजिनाला फोटोपुरता करडा रंग देत, त्यामुळे त्यातून मापं आणि अक्षरांची जागा घ्यावी, रंग घेऊ नये.

अक्षरं सापडली ती टॉर्चमुळे. अंधार करून टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवला आणि आडवा उजेड टाकला, तेव्हा काळ्या रंगाखालून अक्षरांच्या कडा उठल्या. पारदर्शक फिल्म चिकटवून त्या पेन्सिलीने उतरवून घेतल्या. सावली उजवीकडे आणि खाली, दोन छटांची. अक्षराच्या पोटात भिंगाखाली सोनं चमकलं. पितळी भुकटीचा रंग असता तर तपकिरी पडला असता. हा खरा वर्ख आहे. 'एस' किंचित मागे रेललेला आहे आणि 'आर'चा पाय शेवटी वळतो. कॉम्प्युटरवरचा कोणताही फॉन्ट यावर बसणार नाही, आणि बसवूही नये. ब्रिटनच्या एलएनईआर (लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वे) कंपनीने 1929 च्या सुमारास गिल सॅन्स हा फॉन्ट घेतला तशी ठरवून दिलेली लिपी हा वेगळा प्रकार. इथे एका पेंटरचा हात आहे आणि तो हातच जपायचा आहे.

अक्षरं साल सांगतात तेही विसरू नका. दुसऱ्या महायुद्धात एलएनईआरने 1942 पासून टेंडरवर (इंजिनामागची कोळसा-पाण्याची गाडी) फक्त 'एनई' लिहायला सुरुवात केली. ती दोन अक्षरं दिसली की काळ ठरलाच.

कारखान्याची पाटी गेलेली आहे, पण तिच्या स्क्रूची भोकं लांबीखाली मिळाली. चार भोकं, पत्त्यातल्या चौकटच्या चार टोकांवर. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश या इंजिनं बनवणाऱ्या कंपनीच्या क्वीन्स पार्क कारखान्याची पाटी त्या आकाराची असे, हाइड पार्कची गोल. कनेक्टिंग रॉडवर ठोकलेला क्रमांकही आहे, पण वर्कशॉपमध्ये रॉड एका इंजिनाचे दुसऱ्याला लागत, म्हणून त्याला मी दुय्यम पुरावाच मानतो.

पुढचं काम: फिल्मवरून कागदाचा खाका करायचा, भरतकामाच्या नक्षीसारखा सुईने टोचून, आणि खडूची भुकटी थोपटून अक्षरं सुट्या पत्र्यावर उतरवायची. निळ्याचे नमुने त्या ब्रॅकेटखालच्या जागेशी दिवसाच्या उजेडात लावून बघणार आहे, वॉर्निश चढवून आणि न चढवता, दोन्ही. लायनिंगची (कडेच्या रंगीत रेघांची) रुंदी अजून एका बाजूनेच मिळाली आहे. डाव्या टँकवरचा काळा पुढच्या खेपेला उघडायचा. निळ्यावर वर्ख बसवायचा अनुभव कुणाला असेल, तर चिकट थर किती सुकल्यावर वर्ख टाकता ते जरूर लिहा.