कानटोपीतले कान

डिसेंबर लागला की आमच्या माळ्यावरून एक पिशवी खाली येते. तिच्यात एक सतरंजी, एक जाड शाल, पाठीला टेकू म्हणून वळकटी करायची जुनी सोलापुरी चादर आणि अगदी तळाशी कानटोपी. यंदा सवाई गंधर्वांच्या गाण्याच्या उत्सवात कोण गाणार आहे हे बघायच्या आधी कानटोपीला डांबरगोळ्यांचा वास किती आहे हे बघितलं जातं. पुण्यात वर्षभर ज्या कानांवर हॉर्नखेरीज काही पडत नाही, त्यांचे लाड करायचे दिवस येतात, आणि पहिलं काम काय, तर ते कान झाकायचं!

भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये आपल्या गुरूंच्या, म्हणजे सवाई गंधर्व ऊर्फ रामभाऊ कुंदगोळकरांच्या, स्मरणार्थ हा शास्त्रीय संगीताचा उत्सव सुरू केला. त्याचं नाव आता चांगलं लांबलचक आहे, पण बोलताना कोणी ते घेत नाही. ‘सवाईला आहेस ना?’ एवढंच विचारतात. उत्सव रमणबागेच्या मैदानावर व्हायचा, २०१८ मध्ये मुकुंदनगरला गेला. आम्ही भारतीय बैठकवाले. खुर्चीत पाय लटकवून विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, ऐकायचं म्हणजे एसटी स्टँडवर बसल्यासारखं वाटतं.

एका वर्षी माझ्या पुढ्यात एक आजोबा बसले होते. त्यांची लोकरीची कानटोपी तपकिरी, हनुवटीखाली बटण असलेली. सत्कार आणि शाल-श्रीफळ चालू असताना दोन्ही कान बंद. गायकाने षड्ज, म्हणजे ‘सा’, लावला, तशी त्यांनी उजवी बाजू बोटभर वर केली. दोन आवर्तनं ऐकली, मग डावी बाजू वर. रागाची बढत, म्हणजे स्वर-स्वराने फुलवणं, रंगली तेव्हा टोपी मांडीवर आली, थंडी गेली खड्ड्यात! पुढे तबला आणि सतारीची सवाल-जवाबाची आतषबाजी सुरू झाली, मंडप टाळ्यांनी दणाणला. आजोबांनी शांतपणे टोपी घातली आणि बटणही लावलं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात छापून आलेलं परीक्षण मी वाचलं. ते इतकं नेमकं नव्हतं.

थंडी आपल्याच कानांना छळते असं मला वाटायचं, पण ती वाद्यांनाही सोडत नाही, आणि प्रत्येकाला वेगळं छळते. हवा गार झाली की धातूची तार आकसते, ताण वाढतो आणि तंबोरा चढतो. बासरीचं उलट. गार हवेत ध्वनीचा वेग कमी होतो, म्हणून बासरी उतरते. वादक आधी नुसतीच फुंकर घालत बसतो, ते उगाच नाही, तो आतली हवा ऊबदार करून घेत असतो. रात्री दव पडायला लागलं की तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, ओलावा धरून सैल पडते आणि तोही खाली. म्हणजे एकाच मंचावर एकाच थंडीने एक जण वर निघालाय आणि दोघे खाली. मग तबल्याच्या गजऱ्यावर, म्हणजे कडेच्या चामडी वेणीवर, हातोडीची टकटक, तंबोऱ्याची खुंटी पिळणं, तारेवरचा मणी केसभर सरकवणं, तारेखालचा जवारीचा दोरा पुन्हा बसवणं. मागच्या रांगेतून कोणी तरी ‘झालं का यांचं?’ म्हणतंच. मला विचाराल तर या पाच मिनिटांसाठी निम्मं तिकीट वसूल होतं. तंबोऱ्याच्या चार तारा एकमेकींत मिसळतात आणि कोणीही न छेडलेला गंधार, म्हणजे ‘ग’, वर तरंगायला लागतो, तो क्षण पकडायचा तर टोपी काढावीच लागते.

गाण्यासारखंच व्याख्यानांचंही थंडीशी जमतं, त्याचं कारण मात्र अगदी घरगुती आहे. पंखे बंद असतात. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली व्याख्यानमाला वसंतातली, म्हणजे उकाड्यातली. डोक्यावर पंखा घरघरत असला की वक्त्याचं प्रत्येक तिसरं वाक्य गुळगुळीत होऊन पोचतं. जानेवारीत तसं होत नाही. २९ जानेवारी १९३९ रोजी डॉ. आंबेडकर पुण्यात गोखले हॉलमध्ये संघराज्य आणि स्वातंत्र्य या विषयावर बोलले, गोखले संस्थेच्या काळे स्मृती व्याख्यानात. चार वर्षांनी, १८ जानेवारी १९४३ रोजी, रानड्यांच्या जयंतीला ते परत आले आणि रानडे, गांधी, जिना यांना एका तराजूत घालून मोकळे झाले. त्या दोन संध्याकाळी तिथे कोण कोण कान देऊन बसलं असेल, याचा विचार मी फार वेळा करतो.

आमच्या वाट्याला येतात ते शेवटच्या दहा मिनिटांतले प्रश्न. ‘माझा प्रश्न नाही, थोडं निवेदन आहे,’ असं म्हणत उठणारे गृहस्थ प्रत्येक सभागृहात असतात. तेव्हा कानटोपी किती उपयोगी पडते ते सांगायला नको.

दुखतं ते एकच. पूर्वी सवाई पहाटेपर्यंत चाले. आता रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, एखाद्या दिवशी बारापर्यंत सवलत. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, शेजारी रुग्ण असतात, परीक्षेची पोरं असतात. पण मध्यरात्रीचा दरबारी, उत्तररात्रीची सोहनी, उजाडता उजाडता ललत, यांना आपापला प्रहर होता. थंडी वाढत जायची तसा राग बदलत जायचा. आता सकाळच्या सत्रात तोडी मिळते, पण रात्रभर जागून तिच्यापर्यंत पोचणं वेगळं आणि आंघोळ करून रिक्षाने पोचणं वेगळं.

गंमत म्हणजे आवाज सगळ्यात लांब जातो तो याच रात्रींना. जमिनीलगतची हवा गार, वरची त्यापेक्षा ऊबदार, त्यामुळे वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. परवा सवाईहून साडेदहाला घरी आलो. उन्हाळ्यात कधी ऐकू न येणारी स्टेशनातली गाडी आमच्या खिडकीखाली उभी असल्यासारखी वाजली. हॉर्नचे दोन स्वर होते. वरचा मी पंचम धरून खालचा शोधत होतो, आणि आतून आवाज आला, ‘खिडकी लाव, गारठा येतोय.’

मी कानटोपी घातली, उजवी बाजू बोटभर वर केली आणि खिडकी तशीच राहू दिली.